हद्दीबाहेरचं बाळंतपण

साहेब, तुमच्या कचेरीने खोटं लिहिलं.

'सदर विदेशी महिला दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही. ठावठिकाणा कळून येत नाही.' ही दोन वाक्यं तुमच्या फायलीत आहेत. मार्च त्र्याण्णवची तारीख आहे, खाली सही आहे. मी स्वतः वाचलीत. फाईल तुमच्याकडे तोंड करून होती म्हणून उलटी वाचली, पण वाचली. ज्या दिवशी हे लिहिलं, त्या दिवशी माझी बायको शेवंती डोंबिवलीजवळ मोठागावात तिच्या मामाच्या घरी बाजेवर पडलेली. बाजेखाली शेगडी, कुशीत अकरा दिवसांची पोर. ठावठिकाणा कळत नव्हता? माझ्या आईने तुमच्या हवालदाराला गाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, पोरीचं वजनसुद्धा सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली आणि हे लिहिलं.

तुम्ही म्हणाल, तेव्हा मी या खुर्चीत नव्हतो. बरोबर. तीन साहेब बदलले. खुर्ची बदलली नाही. म्हणून मी खुर्चीला विचारतो, आणि त्यात जो बसला असेल त्याने ऐकून घ्यायचं.

शेवंती जन्मली कराचीत. तिचा आजा आमच्यातलाच, ठाण्याच्या खाडीवरचा कोळी. कराचीच्या बंदरात बोटींवर कामाला गेला. तेव्हा मुंबईहून कराचीला जायला आगबोटीचं तिकीट लागायचं, दुसरं काही नाही. मग एके दिवशी तो होता तिथेच राहिला आणि त्याच्या पायाखालचा देश बदलला. तिथे आमच्या लोकांची मोजकी घरं. घरात मराठी, बाहेर उर्दू. शेवंतीची आई भीमाबाई मोठागावची. एकोणीसशे साठ साली लग्न होऊन बोटीने कराचीला गेली, ती परत आलीच नाही. तिकडे पोरं वाढली तेव्हा लग्नाला मुलगा बघायचा कुठे? सगळी घरं एकमेकांची भावकी झालेली. म्हणून तिचा बाप दामाजी सत्याऐंशीच्या जानेवारीत लेकीला घेऊन ठाण्याला आला. कोपरीत आमच्या शेजारी त्याची चुलत बहीण राहायची. व्हिसा तीन महिन्यांचा, 'नातेवाइकांना भेटण्यासाठी', गाव ठाणे. एवढंच.

चैत्रात आमचं लग्न झालं. मी वागळे इस्टेटला लेथवर कामाला, शिक्षण सातवी. शेवंती बोलायला लागली की माझी आई हौसाबाई पदर तोंडाला लावून हसायची.

"अगं, ही तर माझे आजीसारखी बोलतं. असं आता कोन बोलतं गं?"

खरंच होतं. आम्ही इकडे हिंदी-इंग्रजी घालून भाषेचं काय ते करून टाकलेलं. तिने तिकडे आजाचे शब्द जसेच्या तसे सांभाळले होते. मध्येच एखादा उर्दू शब्द यायचा, तेव्हा ती जीभ चावायची. वस्तीतली पोरं मला 'पाकिस्तानचा जावई' म्हणायची. मी पण हसायचो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

आमची चूक सांगतो. आमच्यात सून माप ओलांडून आत आली की तिचं कुळ बदलतं, देव बदलतो, मेल्यावर तिचं सुतक कोणी धरायचं तेही बदलतं. एवढं सगळं बदलतं तर देश पण बदलत असेल, असं आम्ही धरून चाललो. कोणी शिकलेला माणूस ही चूक करणार नाही. आम्ही केली. तिसरा महिना संपत आला तेव्हा दामाजी बॅग भरून निघाला आणि पोलिसांच्या परदेशी नोंदणीच्या, म्हणजे तुमच्या या कचेरीतला कारकून म्हणाला, "मुलगी?"

"मुलगी सासरी," दामाजी म्हणाला.

"सासर-माहेर मला नका सांगू. व्हिसा संपला की दोघांनी जायचं."

तेव्हा कळलं. मग दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज केला. तो मिळाला. त्यावर एकेका वर्षाचा मुक्कामाचा परवाना. दर वर्षी मे महिन्यात जायचं, फोटो द्यायचे, मी तिचा नवरा आहे, मीच तिला पोसतो, असं लिहून द्यायचं, शिक्का घेऊन यायचं. परवाना आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलेला, देवाच्या टाकांच्या शेजारी. परवान्याच्या मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. पाच वर्षं आम्ही ते जपलं. वाचलं नाही.

आज मला हे सगळं तोंडपाठ आहे. भेटीचा व्हिसा म्हणजे या, तोंड दाखवा, जा. दीर्घ मुदतीचा म्हणजे राहा, पण दर वर्षी विचारून. आणि नागरिकत्व म्हणजे विचारणं संपलं. इथल्या माणसाशी लग्न झालेल्या बाईने अर्जाच्या आधी सलग पाच वर्षं इथे राहिलेलं असलं तर ते मागता येतं. हे मला तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. ठाण्याच्या वाचनालयात मी पेपर वाचायला जायचो, तिथे त्र्यंबकराव भेटले. नौपाड्यात राहणारे, सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, धुतलेला पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी विचारलं, "अहो परशुराम, तुमच्या सौभाग्यवतींना पाच वर्षं झाली ना? मग नागरिकत्वाचा अर्ज का करत नाही?"

डिसेंबर ब्याण्णवमध्ये त्यांनीच अर्ज लिहून दिला. अक्षर मोत्यासारखं. तेव्हा शेवंतीला सहावा महिना होता.

त्याआधी दोन गेलेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. आईने आणि वस्तीतल्या बायकांनी वेगळंच कारण काढलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, पोर पोटात राहिल्याबरोबर पोरीने माहेरचं पाणी प्यायला पाहिजे, आणि हिचं माहेर समुद्रापलीकडे. म्हणून टिकत नाही. आता यात मी काय बोलणार? दोन पोरं खाडीकाठच्या मातीत ठेवून आलेलो. आई म्हणाली, "मामाचा घर तो म्हायेरच. तिची आय त्याच घरान जलमली." ते पण खोटं नव्हतं. भीमाबाईचा भाऊ महिपत मोठागावात त्याच घरात राहत होता.

जानेवारीत मुंबई पेटलेली. दुकानं बंद, रस्त्यावर पोलीस. सातव्या महिन्यातल्या बाईला घेऊन रस्त्याने जायची कोणाची छाती नव्हती. महिपतमामा खाडीने आला. भरतीबरोबर होडी घेऊन आला, आईने ओटी भरली, आणि भरती उतरायच्या आत तिला घेऊन गेला. दोन तासांची वाट. आमचे बापजादे याच पाण्याने लग्नाची वऱ्हाडं नेत होते. पाण्यात ठाणे कुठे संपतं आणि डोंबिवली कुठे सुरू होते, हे आम्हाला कधी दिसलं नाही. तुम्हाला दिसतं.

मार्चच्या सहा तारखेला पोरगी झाली. रडली, आणि रडतच राहिली. मामीने सांगितलं, हिचा आवाज पार बंदरापर्यंत गेला. आम्ही नाव नीला ठेवायचं ठरवलं.

बारा तारखेला मुंबईत स्फोट झाले. सतरा तारखेला तुमचा हवालदार चांगदेव आमच्या दारात आला. ओळखीचाच. दर वर्षी चौकशीला तोच यायचा. मी कामावर होतो. त्या दोघांचं बोलणं आईने मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्यासमोर झाल्यासारखं वाटतं.

"हौसाबाय, सून कुठाय?"

"म्हायेरा गेलीय बालंतपनाला."

"कराचीला?"

"तुझा डोका फिरला कं? सातव्या महिन्यान कराचीला कोन धाडतं? मोठागावला, मामाकडं. मोठागावचा महिपत, बंदरावर कोनाला बी इचार."

"म्हणजे डोंबिवलीत."

"हा. पोरगी झालीय. सहा पौंड हाय."

"अरे वा. पेढे कुठायत?"

"पेढे बारशाला ये तवा. आता सुके बोंबील ने."

त्याने बोंबील नेले. कागदावर 'आढळून आली नाही' लिहून नेलं.

सव्वा महिना झाल्यावर शेवंती पोरीला घेऊन परत आली. तोंडावर तेज आलेलं. मे महिन्यात आम्ही नेहमीसारखे परवाना वाढवायला तुमच्याकडे आलो. नवीन साहेब होते. तरुण, नीट बोलणारे. शेवंतीच्या खांद्यावर नीला झोपलेली. साहेबांनी फाईल उघडली.

"मार्चमध्ये तुम्ही कुठे होतात?"

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मोठागावला साहेब, बाळंतपणाला."

"परवानगी घेतलेली?"

"कोणाची?"

त्यांनी परवाना उलटा केला आणि त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "ठाणे शहराच्या हद्दीबाहेर लेखी परवानगीशिवाय जायचं नाही. अट क्रमांक चार. वाचली नाहीत?"

"साहेब, डोंबिवली ठाण्यातच येते ना? पत्त्यात जिल्हा ठाणे लिहितो आम्ही."

"परवाना शहराचा आहे. जिल्ह्याचा नाही."

"बाळंतपण होतं साहेब."

"मग बाळंतपणासाठी परवानगी मागायची. दिली असती कदाचित." मग ते हळू आवाजात म्हणाले, "वेळ चुकीची निवडलीत हो तुम्ही. सध्या वरून प्रत्येक नावाचा हिशोब मागतायत."

वेळ आम्ही निवडली? पोर नऊ महिन्यांनी होते साहेब, सरकारच्या सोयीने होत नाही.

परवाना वाढवला नाही. ऑगस्टमध्ये नोटीस आली. अटींचा भंग केला, काही काळ बेपत्ता होती, तर मुक्काम रद्द करून देशाबाहेर का काढू नये, पंधरा दिवसांत खुलासा करा. मी ती नोटीस घेऊन त्र्यंबकरावांकडे धावत गेलो. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी पाणी दिलं. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला, नोटीस दोनदा वाचली.

"घाबरू नका. ही फक्त कारणे दाखवा नोटीस आहे. आपण सत्य लिहायचं."

"सत्य म्हणजे?"

"जे घडलं ते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पत्नी परवानगीवाचून हद्दीबाहेर होती, हे मान्य आहे. हेतू वाईट नव्हता, रूढीप्रमाणे माहेरी प्रसूतीसाठी गेली. क्षमा असावी. प्रामाणिक खुलाशाची सरकारात कदर होते, परशुराम. मी चाळीस वर्षं आत बसून बघितलंय."

मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या, "अहो, पण एखाद्या वकिलाला दाखवून घ्या ना आधी."

"वकील कशाला? यात लढण्यासारखं काय आहे? चूक झाली, ती मान्य करायची. वकील लावला की साहेबांना वाटतं, आपण भांडायला आलो."

मला त्यांचं पटलं. कारण ते शिकलेले होते आणि कारण त्यांनी आमच्याकडे कधी एक चहाही मागितला नव्हता. शेवंतीने त्या खुलाशावर मराठीत सही केली. सुंदर करायची ती सही. आजाने शिकवलेली, जुन्या वळणाची.

त्या सहीने तिला बाहेर काढलं. हवालदाराच्या दोन खोट्या ओळी आम्ही खोट्या ठरवू शकलो असतो. महिपतमामा होता, सुईण होती, डोंबिवलीचा, महापालिकेचा जन्मदाखला होता. पण आम्ही खोट्याशी भांडलोच नाही. आम्ही हात जोडून खऱ्याची कबुली दिली, आणि तुम्ही कबुली तेवढी उचललीत. 'सबब स्वतः मान्य केल्याप्रमाणे', असं लिहिलंत. 'रूढी' हा शब्द तुमच्या हुकुमात एकदाही नाही.

हुकूम व्हायच्या आधी त्र्यंबकरावांनी दिल्लीला दयेचा अर्ज धाडला. नागरिकत्वाचा अर्ज पडलाय, मूल अंगावर पितंय, विचार व्हावा. रजिस्टरची पोचपावती आली. त्र्यंबकराव खूश. म्हणाले, "आता निश्चिंत राहा. अर्ज विचाराधीन असताना कोणी हात लावत नाही." आम्ही निश्चिंत राहिलो. पावती आईने ट्रंकेत ठेवली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चांगदेव हुकूम घेऊन आला. सात दिवसांत देश सोडायचा. या वेळी तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

मग वकील. प्रमोदिनीबाई, ठाण्यातल्याच. त्यांनी सगळे कागद टेबलावर मांडले आणि एकेक तारीख जुळवून बघितली.

"खुलासा पाठवण्यापूर्वी का नाही आलात?"

"अर्ज केलेला ना बाई. दिल्लीला. पोचपावती आहे."

"अर्ज म्हणजे स्थगिती नव्हे हो. अर्ज दहा वर्षं पडून राहील, आणि त्या दहा वर्षांत तुमच्या बायकोला दहा वेळा बाहेर काढता येईल. काढणं थांबवायचं तर थांबवा असा हुकूम हातात लागतो. कोर्टाचा, नाहीतर त्यांच्याच वरच्याचा. तुमच्या हातात काय आहे? पोस्टाची चिठ्ठी."

तरी त्या कोर्टात उभ्या राहिल्या. आम्ही मागच्या बाकावर. त्यांनी बाळ दाखवलं, जन्मदाखला दाखवला, हवालदाराच्या ओळी खोट्या आहेत हे दाखवलं. सरकारी वकिलाने एकच कागद दाखवला, शेवंतीच्या सहीचा. कोर्ट म्हणालं, परक्या नागरिकाला इथे राहण्याचा हक्क सांगता येत नाही, अटीचा भंग मान्य आहे, हुकुमात हात घालता येत नाही. मात्र नागरिकत्वाच्या अर्जावर सरकारने लवकरात लवकर निर्णय घ्यावा.

लवकरात लवकर. हे शब्द तुमच्यासाठी आहेत साहेब. त्यावर मी नंतर येतो.

मी विचारलं, पोरीला बरोबर नेता येईल का? प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "मुलगी भारतीय आहे. तिला पासपोर्ट लागेल, मग त्यांचा व्हिसा लागेल. सात दिवसांत दोन्ही होत नाही. सीमेवर मुलीला अडवतील आणि आईला पुढे ढकलतील. तिथे तिला कोणाच्या हातात द्याल?"

त्या सात दिवसांचं सांगतो. नीला आठ महिन्यांची. अंगावर पिणारी, दुसरं तोंडातही धरत नव्हती. पहिल्या दिवशी शेवंतीने आईला सांगितलं, "हिला वाटीने पाजायची सवय लावायला लागेल. माझ्यासमोर ती घेणार नाही." आणि ती उठून शेजारच्या घरात जाऊन बसली. दामाजीच्या त्याच चुलत बहिणीच्या घरात. मध्ये एक भिंत. नीला रडायची, भाताची पेज थुंकायची, दूध थुंकायची. भिंतीपलीकडे शेवंती बसलेली असायची. ती आली नाही. एकदा मी बघायला गेलो तर दोन्ही हातांनी कान झाकून बसलेली, आणि चोळी छातीवर भिजलेली. म्हणाली, "जा तुम्ही. तुमचा वास आला की तिला माझा पण येईल." चौथ्या दिवशी नीलाने अर्धी वाटी घेतली. आईने भिंतीवर हात मारून सांगितलं, "घेतलान गं!"

कल्याणहून अमृतसरच्या गाडीत बसवायचं होतं. चांगदेव आणि एक महिला शिपाई बरोबर जाणार होते, सीमेपर्यंत. सकाळची वेळ. आम्ही प्लॅटफॉर्मवर सगळे. मी, आई, मामा-मामी, त्र्यंबकरावसुद्धा आलेले, लांब खांबापाशी उभे. जवळ यायला धजत नव्हते. शेवंतीजवळ एक पिशवी. आईने नीलाला पुढे केलं.

"घे गं. एकदा घे."

शेवंतीने हात मागे बांधले. "नको आई. आता घेतलं तर सात दिवस फुकट जातील."

नीलाने दोन्ही हात पुढे केले. शेवंती दोन पावलं मागे सरकली. महिला शिपाई तोंड फिरवून रूळ बघत राहिली. मी चांगदेवला बाजूला घेतलं.

"मोठागाव तुला माहीत होतं. मामाचं नाव माहीत होतं. का लिहिलंस तसं?"

"परशा, त्या दिवशी दुपारपर्यंत यादी मागितलेली. माझ्याकडं चौदा घरं. मोठागावला जाऊन बघून यायला टाइम कुठं होता?"

"आईने सांगितलेलं ते लिहायचं."

"सांगितलेलं चालत नाय रे. स्वतः बघितलं तर 'आढळली'. नाय बघितलं तर 'आढळली नाही'. ठरलेलं वाक्य असतं ते, सगळे तेच लिहितात." मग खाली बघून म्हणाला, "एवढं होईल असं वाटलं नव्हतं. आईची शप्पथ."

मारावंसं वाटलं. मारलं नाही, कारण पुढचे दोन दिवस शेवंतीला पाणी देणारा तोच होता.

गाडी आली. ती चढली. खिडकीशी नाही बसली, आतल्या बाजूला बसली, म्हणजे नीलाला दिसू नये. त्र्यंबकराव शेवटी पुढे आले आणि खिडकीतून म्हणाले, "सूनबाई, मला..." शेवंती आतून म्हणाली, "काका, तुम्ही खरंच लिहिलंत." त्या दिवसापासून त्यांनी वाचनालयात येणं सोडलं. दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो, मंदाकिनीबाईंनी दारातूनच सांगितलं, झोपलेत.

नीला मोठी झाली. पहिलं 'आई' ती माझ्या आईला म्हणाली. आम्ही दुरुस्त करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

आता पुढचं ऐका, कारण हे तुमच्या काळातलं आहे.

चौऱ्याण्णवमध्ये शेवंतीने कराचीतल्या भारताच्या कचेरीत भेटीच्या व्हिसाचा अर्ज केला. लेकीला भेटायचं आहे, म्हणून. अर्जात एक रकाना आहे, 'यापूर्वी भारतातून काढून टाकण्यात आले होते काय?' तिथल्या बाया म्हणाल्या, नाही लिही. तिने हो लिहिलं. चौकशीचा कागद तुमच्याकडे आला. तुम्ही उत्तर दिलं नाही. त्या वर्षाच्या शेवटी कराचीतली कचेरीच बंद झाली. आता इस्लामाबादला जायचं. दामाजी तोवर वारलेला. एकटी बाई दोन दिवस प्रवास करून गेली आणि शहाण्णवच्या फेब्रुवारीत पुन्हा अर्ज दिला. पुन्हा तुमच्याकडे कागद आला. मी आवक नोंद बघून आलोय. चौदा महिने झाले.

म्हणून म्हटलं, ती येत नाही तर पोरीला नेऊन भेटवून आणू. पासपोर्टचा अर्ज आणला. लहान मुलाच्या अर्जावर आईबाप दोघांची सही लागते. आईने अधिकाऱ्यासमोर सही करायची. ती तिथे, अधिकारी इथे. मी विचारलं, तिकडून सही करून पाठवली तर? म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याच्या कचेरीतून पत्र आणा, की आई परदेशात का आहे. मी तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, प्रकरण विचाराधीन आहे, पत्र देता येत नाही.

म्हणजे बघा. आईला लेकीकडे यायला तुमचा कागद पाहिजे. लेकीला आईकडे जायला तुमचा कागद पाहिजे. आणि कोर्टाने ज्या अर्जावर लवकर निर्णय घ्या म्हणून सांगितलं, त्या नागरिकत्वाच्या अर्जाची फाईल पण तुमच्याच अहवालासाठी अडकलीय. दिल्लीवाले म्हणतात ठाण्याचा अहवाल नाही. तुम्ही म्हणता अर्जदार भारतात राहत नाही, अहवाल कशाचा देऊ. राहत नाही? तुम्ही काढलंत म्हणून राहत नाही!

मागच्या सोमवारी तुमच्या शिपायाने मला सांगितलं, "काका, रोज येऊन उपयोग नाय. साहेब चांगले आहेत, पण या फायलीला हात लावायला कोणीच तयार नाय. कोण सही करेल आणि उद्या अंगावर घेईल?" मी त्याला चहा पाजला. तुमच्या कचेरीत चार वर्षांत खरं बोललेला तो दुसरा माणूस. पहिला चांगदेव.

तर आता माझं मागणं. मला दया नको, दयेचा अर्ज मी एकदा केलाय. मला समजावू पण नका, नियम मी शिकलोय. जूनमध्ये नीला बालवाडीत जाईल. काल तिने विचारलं, "माझी आई मेली का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग येत का नाही?" मी तिला सांगितलं, साहेबांना विचारून सांगतो.

म्हणून विचारतो. शेवंती दामाजी, वय एकतीस, हिला तिच्या लेकीपाशी यायला तुम्ही देणार आहात की नाही? विचाराधीन लिहू नका. आढळून येत नाही लिहू नका. हो लिहा नाहीतर नाही लिहा, कारण लिहा, आजची तारीख घाला आणि खाली तुमचं स्वतःचं नाव लिहा. मी बाकावर बसलोय. उत्तर द्या.